पेंढ्यातली अंडी

१८ जानेवारी १९५४

आलो एकदाचा. खाडी ओलांडणाऱ्या तरीतून उतरताना पाय घसरला. वळकटी भिजली, पीठ भिजलं, ही वही तेवढी कोरडी राहिली. गुलाम रसूल तरवाला हसला नाही, एवढं त्याचं बरं.

याला म्हणे उद्यान म्हणायचं! मंडळानं पाटी ठोकली आहे — 'राखीव समुद्रतीर उद्यान. प्राणी मारू नयेत. अंडी काढू नयेत.' ना फूल, ना बाक, ना कारंजं. पावणेदोन मैल वाळू, मागे केवड्याची बनं, दोन्ही टोकांना कातळ. पाटी वाचणारे कोण, तर मी आणि कोल्हे.

चौकी म्हणजे चिऱ्यांची एक खोली आणि बाजूला गवती छपराची शेड. मंडळाच्या सेक्रेटरी केळशीकर साहेबांनी रत्नागिरीला एक नोंदवही हातात दिली. रोज काय दिसलं ते तिच्यात लिहायचं. ती मंडळाची. ही माझी. हिच्यात मला वाटेल ते लिहीन.

एकोणीस वर्षं आंब्याच्या अढ्या लावल्या. मालकानं बाग विकली, नव्यानं आपली माणसं आणली, आणि मी सेहेचाळिसाव्या वर्षी कासवांचा राखणदार झालो. माझी बायको तुळसा असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. तिला जाऊन चार वर्षं झाली.

१९ जानेवारी

शेजार कळला.

अख्ख्या हद्दीत एकच घर. विणलेल्या झावळ्यांच्या झापांच्या भिंती, पाच माड, एक आड. आत हौसा म्हणून एक म्हातारी. साठीच्या पुढची, कमरेत वाकलेली, जीभ मात्र शाबूत. मला म्हणाली, पाटी वाचाया येत न्हाय मला, तूच वाच. वाचली. ऐकून घेतलं आणि म्हणाली की चाळीस वर्षं ती इथली अंडी काढते आणि बाजारात विकते, तेव्हा मी तिला शिकवायला येऊ नये. मीही काही कमी नाही. दोन शब्द जास्तच दिले.

साहेबांच्या कागदात तिच्यापुरत्या तीन ओळी आहेत. 'हौसा, विधवा, निराधार. तूर्त राहू द्यावे. तिच्याकडून अंड्यांना उपद्रव झाल्यास घर हद्दीबाहेर हलवावे.' त्याही वाचून दाखवल्या. तिनं विचारलं, हलवायचं म्हणजे कुठे? मला काय माहीत! कागदात तेवढंच आहे.

माड तिनं स्वतः लावलेत. नवऱ्यानं एक खड्डासुद्धा खणला नाही, असं दोनदा सांगितलं. मेलेल्या माणसावर इतका राग धरणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

२१ जानेवारी

पहिली कासवीण येऊन गेली. उजाडता बघतो तर वाळूत पाण्यापासून वर चढलेला माग आणि तसाच खाली गेलेला. मी पोचायच्या आधी म्हातारी तिथे हजर! म्हटलं आता सापडली. तर ही वाळूवर हळदकुंकू वाहत बसलेली.

माहेरवाशीण म्हणते ती कासविणीला. बाळंतपणाला येते, आपली ठेव आपल्या हवाली करून जाते. मग मी विचारलं, माहेरवाशिणीची पोरं बाजारात विकता ती कशी? जरासुद्धा लाजली नाही. त्याला रीत आहे म्हणाली. मोसमातल्या पहिल्या घरट्याला हात लावायचा नाही. पुढच्या प्रत्येकातली वरची अर्धी आपली, खालची अर्धी तिची. खालच्यांना बोटसुद्धा लावायचं नाही, तीच वाळू परत वर लोटायची. तिच्या सासूची रीत, सासूच्या सासूची रीत.

मंडळाच्या पाटीवर अर्धी-बिर्धी काही नाही, असं तिला बजावलं. नोंदवहीत लिहिलं — 'एक घरटे. स्थानिक बाईस समज दिली.'

२४ जानेवारी

कोल्ह्यांनी एक घरटं उकरलं. सगळीकडे टरफलं. पहिलंच घरटं, हळदकुंकवाचं. हौसाकाकी दिवसभर कोल्ह्यांच्या सात पिढ्या उद्धरत होती.

संध्याकाळी तिनं बांगड्याचं तिखलं दिलं. पीठ भिजल्यापासून मी नुसत्या भातावर आहे हे तिनं पाहिलं असावं. जेवलो. चव होती. तिला तसं सांगितलं नाही.

२५ जानेवारी

गुलाम रसूलबरोबर साहेबांचं पत्र. कोल्ह्यांची बातमी त्यांना पोचली. 'यापुढे सर्व घरट्यांतील अंडी काळजीपूर्वक काढून चौकीजवळ सुरक्षित ठेवावीत. मार्चच्या मध्यास मुंबईची पाहुणे मंडळी पिल्ले पाहण्यास येतील. मंडळाला मुंबईची मदत मिळणे त्यावर अवलंबून आहे.'

काळजीपूर्वक म्हणजे कशी ते लिहिलेलं नाही. मला लिहून द्यायची गरजही नाही! एकोणीस वर्षांत माझ्या अढीतला डागी आंबा शेकडा दोनवर गेला नाही. नाजूक माल कसा ठेवायचा हे ह्या काशीरामला कुणी शिकवू नये.

२८ जानेवारी

दोन दिवस मान मोडून काम केलं. पाच घरटी काढली. काही पाच-सहा दिवसांची, काही दोन-तीन दिवसांची. सगळी मिळून पाचशे एकेचाळीस अंडी. पांढरी, गोल, हातात घेतली की मऊ लागतात. गुलाम रसूलनं रत्नागिरीहून आंब्याच्या पाच जुन्या पेट्या आणल्या. गावातून भाताचा पेंढा. तळाला पेंढा, वर चार बोटं वाळू, मग अंड्यांचा थर, परत वाळू, परत पेंढा. एकाला एक लागू दिलं नाही. शेडमध्ये फळ्यांवर पेट्या मांडल्या, कोल्ह्याच्या बापाला मिळायच्या नाहीत.

आणि आंब्यासारखंच करायचं ठरवलं — दर चौथ्या दिवशी सगळी काढायची, फिरवायची, खालची वर, वरची खाली. एकाच कुशीवर माल पडून राहिला की तिथे डाग धरतो. ही गोष्ट साहेबांनासुद्धा सुचली नसती.

हौसाकाकी दाराशी बसून बघत होती. मला वाटलं आता काही तरी बोलेल, खालच्या अर्ध्यांचं, रीतीचं. काही बोलली नाही. बरं झालं.

१ फेब्रुवारी

पहिल्यांदा फिरवली. सकाळपासून दुपारपर्यंत. एकही फुटलं नाही. पाठ गेली!

४ फेब्रुवारी

पहाटे आणखी एक कासवीण, चौकीच्या अगदी समोर. माग ओला होता तेव्हाच अंडी काढली, एकशे बारा. पेट्या संपल्या, पेंढा संपला. शेडमागे रॉकेलचं गंजकं पिंप होतं, त्यात वाळू भरून ठेवली. तोंडापर्यंत वाळू, फिरवणं काही व्हायचं नाही. जगली तर जगली.

९ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा फिरवली. हौसाकाकी बदललीय. पहिल्या आठवड्यात कासवांवर तिचं तोंड थांबत नव्हतं. कुठला वारा असला की येतात, कुठल्या पाण्याला पिल्लं निघतात. आता विषय काढला की कालवणात मीठ किती हे विचारते. मी समजलो, कायदा पटला. माणसाला गोडीनं समजावलं की तो वठणीवर येतो.

रोजचं जेवण आता तिच्याकडेच आहे. मी लाकडं फोडून देतो.

१४ फेब्रुवारी

साहेब आले! बूट हातात घेऊन तरीतून उतरले. शेड पाहिली, पेट्या पाहिल्या. मी एक पेटी काढून समोर फिरवून दाखवली. म्हणाले, 'वा, काशीराम, शास्त्रशुद्ध काम आहे हे.' वहीत टिपून घेतलं त्यांनी. पिल्लं निघाली की मला कायम करायचं मंडळात बोलणार आहेत.

जाताना हौसाच्या घराकडे बघून म्हणाले, पाहुण्यांसमोर हे बरं दिसत नाही. मी म्हणालो, म्हातारी गरीब आहे, त्रास नाही तिचा. म्हणाले, त्रास होईपर्यंत राहील.

२० फेब्रुवारी

ताप. हात हलत नाही.

२३ फेब्रुवारी

आज उठून बसलो. चार दिवस तिनं पेज पाजली. कपाळावर ओलं फडकं बदलत बसायची. तुळसानंतर माझं कुणी केलं नव्हतं. रडू आलं, तोंड भिंतीकडे केलं.

एक चीड आलेली आहे, ती लिहितोच. २१ तारखेला अंडी फिरवायचा दिवस. मी उठू शकेना. काकीला म्हटलं, जा आणि तेवढी फिरवून ये, कसं ते तू पाहिलं आहेस. गेली. मला वाटलं दोन तास लागतील. लगेच परत आली. 'माज्यानं न्हाय व्हणार,' म्हणाली. का? फडकं पिळून परत कपाळावर ठेवलं. चार दिवस माणसाची सेवा करते आणि एवढं काम होत नाही! तापातच मी उठून गेलो, भिंत धरून, आणि जमतील तेवढी फिरवली. मग पडलो ते कालपर्यंत.

१ मार्च

फिरवताना सतरा काळपट दिसली. काढून टाकली. आंब्यातही एवढी जातात.

९ मार्च

आणखी चाळीस गेली. वास येतो. नोंदवहीत लिहिलं नाही. म्हटलं साहेबांना आकडा एकदमच सांगावा.

१४ मार्च

पंचेचाळीस दिवस झाले. काकी म्हणायची ना, दीड महिन्यात वाळू हलते. पेट्यांना कान लावून बसतो. काही नाही. काकीला विचारलं, कधी निघतील? 'निघतील तवा निघतील,' म्हणाली आणि माडाच्या झापा विणायला बसली. सबंध छप्पर नव्यानं शाकारते आहे, पावसाच्या आधी.

१७ मार्च

पाहुणे आले. सहा जण, दोन बायका, एकाकडे कॅमेरा. शेडपुढे सतरंजी घातली. साहेबांनी भाषण केलं. दिवसभर सगळे पेट्यांकडे बघत बसले. एक बाई म्हणाली, अंडी झोपली आहेत काय? सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

१९ मार्च

होळी. पलीकडच्या गावात ढोल. पाहुणे सकाळच्या तरीनं परत गेले. काही न पाहता! जाताना साहेब म्हणाले, सोमवारी येतो, पेट्या उघडू, एवढंच.

२२ मार्च

लिहायचं आहे आणि हात जड झालाय.

पेट्या उघडल्या. साहेब, मी आणि साहेबांचा शिपाई. एकेक अंडं फोडलं. आत पिवळं पाणी, कुठे वाळलेला गोळा टरफलाला चिकटलेला. दोन-चार अंड्यांत बोटाच्या पेराएवढं काही तरी, डोळे असलेलं. पाचही पेट्या, सगळं मेलेलं. शिपाई नाकाला रुमाल लावून बाहेर गेला. मी फोडत राहिलो. कुठे तरी एक निघेल असं वाटत होतं.

साहेब म्हणाले, एकाच वेळी पाच पेट्या? हे आपोआप होत नाही काशीराम. इथे कोण येतं? कोणी हात लावला होता का?

मी म्हणालो, 'हौसा एकदा शेडमध्ये गेली होती. मला ताप होता तेव्हा.'

हे वाक्य खरं आहे. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. मीच पाठवली होती, एवढं फक्त म्हणालो नाही. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मला सही करायला सांगितली. केली.

सही करताना मनात काय होतं? कायमची नोकरी होती. एकोणीस वर्षांचं नाव होतं. म्हातारीनं खरंच काही केलं असेल असंही वाटत होतं. हो, वाटत होतं. नाहीतर ती लगेच परत का आली?

साहेब म्हणाले ते पिंपही ओतून टाक. हो म्हणालो. हात धजला नाही, तसंच राहिलं.

२३ मार्च

आज तिच्याकडे जेवायला गेलो नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. तिनं पेज आणून दारात ठेवली.

२५ मार्च

मंडळाचा कागद आला. मलाच वाचून दाखवावा लागला. 'अंड्यांना उपद्रव केल्याचे चौकीदाराच्या जबानीवरून सिद्ध झाल्याने सदर बाईचे घर एप्रिलच्या पहिल्या तारखेस हद्दीबाहेर हलवावे.'

चौकीदाराची जबानी हे शब्द मी भरभर वाचले. तिला कळले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता शिव्या घालेल, गावात ओरडत जाईल, उलट सांगेल की ह्यानंच पाठवली. मी त्याची वाटच बघत होतो. देवाशपथ, वाट बघत होतो.

काही नाही. 'माड न्हाय न्हेता यायचं,' एवढंच म्हणाली.

२९ मार्च

हे आधी झालं असतं तर!

सकाळी पिंपातून खसखस ऐकली. उंदीर म्हणून फटकावायला काठी घेतली. वाळू हलत होती. एक डोकं वर आलं. मग दुसरं. मग सगळी वाळूच उकळल्यासारखी. गुडघ्यावर बसलो. एकशे बारांतली शहाण्णव! काळी, ओली, तळहातावर मावतील एवढी, वल्ह्यांसारखे पाय मारत. टोपलीत घालून पाण्याकडे नेली. एकही मागे वळलं नाही.

परत येऊन रिकाम्या पिंपाशी बसलो. तीच वाळू, तोच किनारा, त्याच कासविणी. पेट्यांतली सगळी मेली आणि पिंपातली जगली. फरक काय? एवढाच. पिंपातली ज्या पहाटे घातली त्याच पहाटे ठेवली, आणि नंतर एकदाही फिरवली नाहीत.

पेट्यांतली मी फिरवली. दर चौथ्या दिवशी, पाठ मोडून. आत जीव कुठे तरी वरच्या बाजूला धरून बसत असणार आणि मी त्याला खाली घालत होतो. अंडी आणि आंबे यांतला फरक मला कळला नाही. कोल्ह्यांनी सबंध मोसमात एक घरटं खाल्लं. मी पाच.

३० मार्च

सांगायला हवं. आजच रत्नागिरीला जायला हवं. उद्या जातो.

३१ मार्च

गेलो नाही. तरीपर्यंत गेलो. गुलाम रसूलनं विचारलं, चलताय का? म्हणालो, नाही, ओहोटी किती आहे बघायला आलो होतो. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. तरीवर उभा राहून ओहोटी बघणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला असेल.

साहेबांना पिंपाची बातमी दिली तर ते विचारणार, मग पेट्यांतली कशी मेली? त्याच्या पुढचं उत्तर माझ्याकडे एकच आहे.

१ एप्रिल

घर पाडलं.

चार माणसं आली होती. वासे काढायला वेळ लागला नाही. नवं छप्पर होतं, झापा अजून हिरव्या. काकी भांडी बांधून आधीच बाहेर बसलेली. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला तिच्या बहिणीची मुलगी असते, गंगा, तिच्याकडे जाणार. मी गाठोडं उचलायला पुढे झालो, तिनं उचलू दिलं. त्याचंच जास्त लागलं. हात झटकला असता तर बरं होतं.

तरीत बसताना पाचही माडांकडे एकदा बघितलं आणि पाठ केली. मी काठावर उभा. तोंडात शब्द होते. काकी, मी फिरवली, त्यानं मेली. एवढे पाच शब्द. गुलाम रसूलनं वल्हं मारलं.

नोंदवहीत लिहिलं — 'घर हलवले. शांततेत पार पडले.'

४ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली नाही. कुणासाठी?

रात्रीचं जेवण स्वतः केलं, खारट झालं. तिची चूल होती तिथे तीन दगड काळे दिसतात. त्या बाजूला बघायचं नाही असं ठरवतो आणि तिकडेच बघतो. काशीराम, तू भित्रा आहेस. डागी आंबा हाताला लागताच ओळखणारा, आणि स्वतःला ओळखायला एवढे दिवस लागले.

७ एप्रिल

अर्ज लिहिला. चार वेळा. शेवटचा ठेवला. त्यात सगळं घातलं — फिरवणं, ताप, मीच तिला पाठवली, तिनं हात लावला नाही, पिंपातली जगली. 'सदर बाई निर्दोष असून तिचे घर तिला परत द्यावे, ही विनंती.' खाली सही. ही सही करताना हात जड झाला नाही.

९ एप्रिल

रत्नागिरी. साहेबांनी अर्ज उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. दार लावून घेतलं.

मला वाटलं बोलतील, नोकरीवरून काढतील. रागावलेसुद्धा नाहीत. शांतपणे म्हणाले, शहाण्णव पिल्लं निघाली हे आधी का नाही कळवलंस? मुंबईला तार करायला हवी. मी म्हणालो, साहेब, घराचं? म्हणाले, कुठलं घर? घर आहे का तिथे? मंडळाला ती जागा मोकळी हवीच होती, आज ना उद्या. पाहुण्यांसाठी तिथे विश्रामगृह यायचं आहे, माडांच्या सावलीत.

मग अर्ज घडी घालून माझ्याच खिशात ठेवला. 'पहिल्या वर्षी चुका व्हायच्याच. पुढच्या वर्षी फिरवू नकोस म्हणजे झालं.' आणि हसून म्हणाले की मी कायम झालो, हुकूम टायपिंगला गेला आहे.

मी म्हणालो, नको मला. तेवढं मात्र म्हणालो. चौकीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती मोठ्या रागानं कागदाखाली सरकवली, राग पहिल्यांदा तेव्हा आला.

बाहेर आलो. नोकरी गेली याचं काही वाटेना. सगळं खरं सांगून झालं आणि एक झाप जागेवर परत आली नाही, याचं वाटत होतं. आता एकच माणूस राहिलं सांगायचं. तिच्यापुढे जायची मात्र आज हिंमत नाही. राजापूरच्या गाडीत बसून गावी निघून जावं असं दोनदा मनात आलं. धर्मशाळेत पडलो आहे.

१० एप्रिल

गेलो नाही. ना काकीकडे, ना गावी. तिन्हीसांजेपर्यंत एस्टीच्या अड्ड्यावर बसून होतो.

११ एप्रिल

मिरकरवाडा. लिलाव आटोपलेला, बायका ऊन टाळून सावलीत मासळी निवडत बसलेल्या. हौसाकाकी त्यांच्यात होती. तिच्यापुढे बसलो आणि सगळं सांगितलं. मी फिरवली, त्यानं मेली. सही माझी. पाया पडलो.

तिचे हात थांबले नाहीत. खाली बघूनच बोलली.

'मला ठाव व्हतं रं. पयल्या दिवसापासनं. फिरवलेलं अंडं जगत न्हाय, हे सासूनं शिकवलेलं. रोज दारातनं बघत व्हते. एक शबूद बोलले असते तर वाचली असती समदी. म्हटलं, मरू देत. मेली म्हंजे तुमचं मंडळ उठंल आनि माजं घर ऱ्हाईल.'

मग निवडलेली टोपली बाजूला केली, दुसरी पुढे ओढली.

'पाच माहेरवाशिनींची पोरं मारली मी, घरासाठी. तू कुनाला सांगत बसू नको आता. घर गेलं ते बरोबरच झालं.'